गांगुर्डे सरांची वह्यातुला

नालंदानगरात गांगुर्डे सरांचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता होती. कुणाची मोटारसायकल नाल्यात गेली, बोलवा सरांना. कुणाचा फ्रीज दुसऱ्या मजल्यावर चढवायचा, बोलवा सरांना. हमाल मिळत नव्हते असं नाही, पण सर असताना हमाल बोलावणं म्हणजे सरांचा अपमान, असं लोक म्हणत आणि वर हमालीही वाचवत. जयंतीच्या मिरवणुकीत जनरेटरचा गाडा चढावर अडला की कॉलनीतली माणसं इंजिनाकडे न बघता थेट सरांकडे बघत. सर बाह्या सारत आणि गाडा निमूट चढे.

बुद्धभूषण सावळीराम गांगुर्डे हे सिन्नरच्या एका शाळेत पी.टी.चे शिक्षक. रोज नाशिकहून एसटीने जात आणि एसटीने येत. तिघांच्या बाकावर त्यांच्या शेजारी एकच माणूस बसे आणि तोही पहिल्यांदाच त्या गाडीला आलेला असे. सरांचं एका बाबतीत ठाम मत होतं. आपल्या अंगावर जे आहे ते चरबी नाही, स्नायू आहेत. कुणी शंका काढली तर ते दंड पुढे करून म्हणत, "दाबा." समोरचा दाबे. दंड खरोखरच दगडासारखा होता. "आता बोला," सर म्हणत, आणि समोरचा बोलत नसे. पोट मात्र त्यांनी कधी कुणाला दाबायला दिलं नाही. पोटाकडे कुणाची नजर गेलीच तर म्हणत, "तो पाया आहे. इमारत मोठी म्हटल्यावर पाया नको?"

तर अशा या सरांची निवृत्ती मे महिन्याच्या अखेरीस ठरली होती आणि नालंदानगरात त्यांचा सत्कार ठरला होता. आता या कॉलनीत सत्काराची एक रीत आहे. हार नाहीत, शाली नाहीत. ज्याचा सत्कार त्याची वह्यातुला. म्हणजे विहाराच्या सभागृहात मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात सत्कारमूर्ती बसवायची आणि दुसऱ्या पारड्यात कोऱ्या वह्यांचे गठ्ठे चढवत जायचं. दोन्ही पारडी बरोबर आली की टाळ्या. जूनमध्ये शाळा उघडल्या की त्या वह्या गरजू पोरांना वाटायच्या. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक गोम आहे. सत्कारमूर्ती वजनदार लागते. मागच्या वर्षी पोस्टातून निवृत्त झालेले एक सज्जन बसवले होते. विद्वान माणूस, पण अंगाने काडी. चार गठ्ठे ठेवले आणि गृहस्थ हवेत. कार्यक्रम भाषणांच्या आधीच संपला, आणि त्या वर्षी पोरांनी एका वहीत दोन-दोन विषय लिहिले.

त्यामुळे विहार समितीचे अध्यक्ष भिमाजी पगारे यांनी बैठकीत "यंदा गांगुर्डे सर" एवढे तीनच शब्द उच्चारले तेव्हा ज्या टाळ्या पडल्या तशा टाळ्या सरांना कुस्तीच्या दिवसांतही मिळाल्या नव्हत्या. घराघरातून गठ्ठे कबूल झाले. भिमाजी प्रेसमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी अंदाज बांधला आणि डोळे मिटून घेतले. "सर," ते भारावून म्हणाले, "सिन्नरच्या पोरांनाही पुरतील." आपल्या आकाराचा असा काही सामाजिक उपयोग आहे हे सरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या रात्री ते एक भाकरी जास्त जेवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण कॉलनीत ती सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. गांगुर्ड्यांच्या घराण्यात पुरुष निवृत्त होत नसत. त्याआधीच जात. सरांचे वडील सावळीराम बाजार समितीत हमाल होते, पाठीवर पोतं असं घ्यायचे की बघणाऱ्याला ते रिकामं वाटावं. चाळिशीत गेले. चुलते गेले. सरांचे थोरले भाऊ गोदामात काम करता करता बसले ते उठलेच नाहीत. सगळी हाडापेराने मोठी, धिप्पाड माणसं. "दणकट माणसं अशीच जातात, उभ्या उभ्या," असं लोक म्हणत, आणि ते काहीशा अभिमानानेच म्हणत. बायका मात्र त्या घरात चिमणीएवढ्या आणि चिवट. सरांच्या आई विमलाबाई ऐंशीच्या पुढे होत्या. खुर्चीत बसवलं की पाय जमिनीला टेकत नसत, पण दात शाबूत आणि आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत. सर पेन्शन घेणारे घराण्यातले पहिले पुरुष ठरणार होते, आणि खरं तर सत्कार त्याचाच होता.

पुढचं सगळं सुरू झालं ते जिन्यामुळे. सर जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरची पाल निरखू लागले. एकदा निरखली तेव्हा त्यांच्या पत्नी प्रतिभाताई काही बोलल्या नाहीत. पण पाल नसतानाही सर निरखायला लागले तेव्हा त्यांनी पतसंस्थेतून रजा काढली आणि नवऱ्याला गंगापूर रोडवरच्या एका हृदयतज्ज्ञाकडे नेलं.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये आधीच चारपाच माणसं उभी होती. सरांनी आत पाऊल टाकलं आणि लिफ्ट कोकलायला लागली. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी वर पंख्याकडे पाहिलं. लिफ्ट कोकलतच राहिली. शेवटी "मला जिन्याचीच सवय आहे" असं जाहीर करून सर बाहेर पडले आणि ताठ मानेने जिन्याकडे गेले. वर पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नर्सने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मग दुसरं यंत्र आणलं.

"लिफ्टमुळे वाढलाय," सर म्हणाले.

"लिफ्टने आलात?" नर्सने विचारलं.

"नाही. म्हणूनच."

डॉक्टर तेजल निकम या वयाने सरांच्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा होत्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या हृदयाची भिंत जाड झालीय. स्नायू वाढलेत तिथले. बाकीच्या तपासण्या करून पुढच्या आठवड्यात या, मग सविस्तर बोलू."

प्रतिभाताईंचा चेहरा उतरला. सरांचा मात्र फुलला. "साहजिक आहे," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांचा व्यायाम आहे." आणि पुढचं काही ऐकायच्या आत ते उठलेसुद्धा.

तो एक आठवडा सरांच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. विहाराच्या पायऱ्यांवर संध्याकाळी मंडळी बसली की सर हळूच विषय काढत. दंड, मांड्या, छाती तर सगळेच कमावतात. पण आपलं हृदयसुद्धा कमावलेलं निघालं. मशीनवर दिसलं. मुद्दाम काही केलं नाही हो, होत गेलं. लोक थक्क झाले. कुणीतरी विचारलं, "दाबून बघता येतं का?" भिमाजींनी मात्र ही गोष्ट मनावर घेतली. दोन दिवसांत कॉलनीच्या कमानीला फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: "पोलादी हृदयाचे धनी, आदरणीय गांगुर्डे सर यांची भव्य वह्यातुला."

आठवड्याने दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी समोर सगळे कागद पसरले आणि सरांनी फ्लेक्सची हकिगत मोठ्या कौतुकाने सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"सर, तुमच्या शाळेत शिपाई किती?"

"एक."

"आणि खोल्या?"

"दहा-बारा असतील."

"उद्या खोल्या दुप्पट केल्या, शिपाई तोच ठेवला. सगळ्या वर्गांना पाणी त्यानेच पोचवायचं. काय होईल?"

सरांनी विचार केला. "पण माझ्या खोल्या पक्क्या आहेत, मॅडम. स्नायूंच्या आहेत."

"पाणी पक्क्या खोल्यांनाही लागतंच," डॉक्टर म्हणाल्या. "स्नायू चांगलेच. म्हातारपणी तेच माणसाला उभं ठेवतात. पण अंग एका हद्दीपलीकडे वाढलं की ते कशाचं का असेना, हृदय मुठीएवढंच राहतं आणि त्याला सगळीकडे पुरावं लागतं. आणि खरं सांगू का, तुमच्या अंगावर सगळेच स्नायू नाहीत. ही भिंत जाड झाली ती ताकदीने नाही. ओझं ओढून हाताला घट्टे पडतात, तशी झालीय. वडील कशाने गेले?"

"कामावर असताना. एकदम."

"अंगाने केवढे होते?"

"माझ्याएवढे."

"आणि भाऊ?"

प्रतिभाताई पर्सचा चाप उघडत आणि बंद करत बसल्या. थोड्या वेळाने सरांनी विचारलं, "बरं होण्यासारखं आहे का?" तो आवाज मैदानावर शिट्टीशिवाय पोरांना थांबवणारा आवाज नव्हता.

"आहे की. गोळी वेळेवर, रोज चालणं, आणि वजन खाली. भिंत पुन्हा थोडी पातळ होऊ शकते. फ्रीज उचलणं बंद. वेळ गेलेली नाही, सर. पण फार घालवूही नका."

उतरताना सर लिफ्टने उतरले. लिफ्ट रिकामी होती. "आईला सांगायचं नाही," ते प्रतिभाताईंना म्हणाले. त्यांनी मान हलवली. विमलाबाईंनी त्या घरातून तीन धिप्पाड माणसं पोचवली होती. चौथ्याचं नाव त्यांच्यासमोर काढायची दोघांचीही छाती नव्हती. कमानीखालून जाताना सरांनी फ्लेक्सकडे पाहिलं नाही.

सरांनी मनावर घेतलं. माणूस शिस्तीचा, पोरांना आयुष्यभर पळवलेला. स्वतःला चालवायला काय लागतं? पहाटे दुधाची किटली घेऊन निघत, पार कॅनॉलपर्यंत जाऊन येत. किटली रिकामीच परत येई, कारण दूध घ्यायचं लक्षात राहत नसे. सिन्नरला दोन थांबे आधी उतरत. ताटात अर्धी भाकरी, ढीगभर मेथी, उकडलेले मूग. आणि काय सांगावं, काटा उतरायला लागला. म्हणजे घरातला काटा त्यांच्याखाली आधी हात टेकायचा, काहीच दाखवायचा नाही. तो एके दिवशी आकडा दाखवायला लागला. सर आणि प्रतिभाताई त्या आकड्याकडे न्हाणीघराच्या दारात उभं राहून बघत राहिले. जिन्यात पाल होती, तरी सर थांबले नव्हते.

पण नालंदानगरात गुप्त असं काही राहत नाही. एका सकाळी भिमाजींनी सरांना कॅनॉलवर गाठलं.

"सर, हे काय ऐकतोय मी? तुम्ही चालता म्हणे?"

"थोडंसं. दुधाला."

"दूध इकडे कुठे? सर, चेहरा उतरलाय तुमचा. मी आधी लक्ष दिलं नाही, पण आता दिसतंय." भिमाजींचा आवाज कातर झाला. "जरा विचार करा. एक किलो म्हणजे कितीतरी वह्या. तुम्ही इथून त्या झाडापर्यंत चालत गेलात की एक पोरगं बिनवहीचं राहतं."

वह्या लोकांनी कबूल केल्या होत्या आणि त्या तशाही देता आल्या असत्या, हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रीत म्हणजे रीत. पारड्यात वजन आहे तेवढ्याच वह्या. सर शिक्षक होते, आणि शिक्षकाला पोराच्या नावाने हाक मारली की तो मागे वळतोच. त्या दिवशी ते झाडापर्यंत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले, पण चोरासारखे.

मग कॉलनी मदतीला धावली. शेजारच्या नवसाबाई शिऱ्याचं पातेलंच घेऊन आल्या आणि सर खाईपर्यंत पदर खोचून उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं, तुलेपर्यंत थांबा, नंतर काय वाळवायचं ते वाळवा. कुणी म्हणालं, आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, पाण्यालाही वजन असतं. एका निवृत्त कंडक्टरने मामाचं उदाहरण दिलं, ते वजन कमी करायला गेले आणि कमी करता करता संपलेच. सर सगळ्यांचं ऐकून घेत. हृदयाचं खरं सांगावं तर फ्लेक्स अजून कमानीवर होता, आणि सांगितलेलं संध्याकाळच्या आत विमलाबाईंच्या कानावर गेलं असतं.

विमलाबाईंची लढाई तर वेगळीच चालली होती. लेकाचे गाल बसलेले त्यांना सगळ्यांत आधी दिसले होते, आणि त्याचं खापर त्यांनी सुनेच्या मेथीवर फोडलं होतं. "माझ्या घरातली माणसं वाघावानी होती," त्या म्हणत. "उपाशी दिवस काढले आमी, पन बाप्यांच्या ताटाला कधी कमी पडू दिलं नाय. अंगात मास पायजे, तवा गाव वाट देतं." त्या भाकरीचा पापुद्रा हळूच उचलून आत तूप सोडत आणि पापुद्रा पुन्हा मिटवून ठेवत. प्रतिभाताई ताट समोर येताच भाकरी उभी धरून बघत. थेंब ओघळला की दुपारची भांडी जरा जोरात घासली जात.

इकडे तराजूचा प्रश्न निघाला. मागच्या वर्षीच्या काडीला चाललेला तराजू सरांना चालणार नव्हता. जुन्या लाकडाच्या वखारीत गोटीराम वखारवाल्याकडे खरा मोठा तराजू होता, पण तो म्हणाला, वजनंमापं तपासतात त्या कचेरीतून कागद आणा, नाहीतर उद्या माझ्यावर बालंट. भिमाजी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"माल कोणता?"

"शिक्षक."

"नग?"

"एकच."

"विक्रीसाठी?"

"नाही हो, सत्कारासाठी."

कारकुनाने अर्ज पालथा करून मागची बाजूही बघितली. "सत्काराला आमच्याकडे रकाना नाही," तो म्हणाला. शेवटी गोटीरामलाच दया आली. मी स्वतः तराजूपाशी उभा राहतो, म्हणाला. मग कमानीवरचा फ्लेक्स त्याने एकदा नीट बघून घेतला आणि साखळ्या बदलल्या.

सत्कार जवळ आला तशी सरांची घालमेल वाढली. अंग आता चांगलंच उतरलं होतं. ते लपवायला सर ऐन मेमध्ये दोन बनियन आणि वर सफारी घालून फिरत आणि घामाने आणखी उतरत. मन सांगे, जगायचंय. दुसरं मन सांगे, पोरं वह्यांची वाट बघतायत. अशा वेळी माणसाला जे सुचतं ते त्याच्या धंद्यातलंच सुचतं. सरांच्या पलंगाखाली गोळाफेकीचे जुने लोखंडी गोळे पडले होते. त्यांनी सफारी शिंप्याकडे नेली आणि आतून जाड कापडाचे खिसे लावायला सांगितले.

"काय ठेवणार, सर?" शिंप्याने विचारलं.

"आठवणी," सर म्हणाले.

वर्तुळाच्या रेषेवर पोराचा अंगठा टेकला तरी फेक बाद करणारा हा माणूस. त्याने हे करावं? पण केलं खरं. प्रतिभाताईंना पत्ता लागू दिला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी विहाराचं सभागृह खच्चून भरलं. वंदना झाली, भाषणं झाली. सर व्यासपीठावर चढले ते फार सावकाश, आणि चढताना कुठूनतरी लोखंडाचा आवाज आला. गोटीरामने तराजूच्या दांडीकडे संशयाने पाहिलं. सर पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात गठ्ठे चढायला लागले. पुढच्या रांगेतली पोरं प्रत्येक गठ्ठ्याला ओरडून मोजत होती. ढीग वाढला, वाढला, आणि अखेर दोन्ही पारडी समोरासमोर येऊन डुलायला लागली. भिमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोलादी हृदयाच्या या माणसाने," त्यांनी माईक हातात घेतला, "आपला शब्द पाळला."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सरांनी सगळ्यांना जय भीम करायला दोन्ही हात वर उचलले. तेवढ्याने डावा खिसा उसवला. एक गोळा पारड्यात ठण्णकन आपटला, कडेवरून निसटला, व्यासपीठावरून घरंगळत पायऱ्या एकेक करून उतरला आणि पहिल्या रांगेसमोर थांबला. सरांचं पारडं वर गेलं.

सरांनी मान खाली घातली. मग त्यांनी स्वतःच उजव्या खिशात हात घातला, दुसरा गोळा काढून गोटीरामच्या हातात दिला. मग तिसरा. दर गोळ्याला सरांचं पारडं आणखी वर जात होतं. वह्यांचं पारडं जमिनीला टेकलं आणि सर एवढ्या लोकांसमोर अधांतरी लोंबत राहिले.

भिमाजी रीतीचे पक्के. त्यांनी माईक खाली ठेवला आणि जड हाताने वह्यांच्या ढिगावरचा एक गठ्ठा उचलला. मग दुसरा. पुढच्या रांगेतली पोरं ओरडायची थांबली होती, नुसती बघत होती. ते सरांना बघवलं नाही.

"थांबा, पगारे साहेब," ते म्हणाले. "मी फसवलं. हे वजन मीच कमी केलंय, जाणूनबुजून. माझं हृदय पोलादी नाही. दमलंय ते. एवढं मोठं अंग ओढून दमलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझे वडील, दादा, सगळे असेच गेले, आणि आपण म्हणत राहिलो दणकट माणसं होती." "मला जगायचंय हो. एवढं एकच. मला पेन्शन खायचीय."

मग पहिल्या रांगेतून काठीचा आवाज आला. विमलाबाई उठल्या होत्या. नवसाबाई हात द्यायला गेल्या तो त्यांनी झिडकारला. पायऱ्या चढून त्या तराजूपाशी आल्या, वर लोंबणाऱ्या लेकाकडे मान उंच करून बघितलं, आणि गोटीरामला म्हणाल्या, "मला उचल. ह्याच्याजवळ बसीव."

"आजी, वह्यातुला सरांची आहे—"

"कमी पडलं ते घरातलंच घ्या. माझंच पोर हाय ते."

गोटीराम आणि प्रतिभाताईंनी त्यांना उचललं. ओझं काय ते, पण पारड्यात बसवलं मात्र, आणि पारडं जे खाली आलं ते थेट जमिनीला टेकलं. वह्या हवेत. गोटीरामने दांडी पकडली. भिमाजींनी उचललेले दोन्ही गठ्ठे पटकन परत ठेवले. वह्या हवेतच. कॉलनीतला प्रत्येक गठ्ठा संपला होता आणि मायलेक अजून भारी होते.

"विमलाबाई," भिमाजी गडबडून म्हणाले, "आता उतरा. रीत अशी आहे की—"

"रीतच सांगते मी. बरूबर होईस्तोवर उतरायचं नाय. वह्या आना."

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. नवसाबाई घराकडे पळाल्या, नातवासाठी ठेवलेल्या वह्या आणायला. निवृत्त कंडक्टर कोपऱ्यावरचं दुकान उघडवायला गेले. दोघेजण भिमाजींच्या स्कूटरवरून मेन रोडला निघाले आणि दारातच स्कूटर चालू होईना म्हणून सगळ्यांनी सवयीने सरांकडे पाहिलं. प्रतिभाताईंनी असं काही बघितलं की त्या दोघांनी ती स्वतःच ढकलत नेली.

व्यासपीठावर त्या पारड्यात मायलेक तेवढे राहिले. विमलाबाईंनी आपला हात सरांच्या छातीवर ठेवला. सफारीवरून काही कळेना म्हणून दोन बटणं काढून आत ठेवला.

"म्हंजी तुझ्या बापाला," त्या हळू म्हणाल्या, "मी खाऊ घालूनशान..."

"नाही आई. तसं नसतं. पोती उचलली, दाब होता, कुणी तपासलं नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

"तुला म्हाईत होतं तर मला सांगायचं."

"तू घाबरशील म्हणून."

"मी तिघांना पोचवलं," विमलाबाई म्हणाल्या. "आता मला पोचवायचं काम तुझं हाय. ते करायला तू मागं राहायचं. ऐकलं का? माझ्या हातनं आता आनखी कुनाला पोचवायचं राहिलं नाय."

सरांनी मान हलवली आणि आईचा हात छातीवरच दाबून धरला. इतक्या वर्षांत स्वतःची छाती कुणाला दाबायला दिल्यावर बरं वाटलं ते त्यांना त्या दिवशीच.

दारात गलका झाला. नवसाबाई धापा टाकत पहिला गठ्ठा घेऊन आल्या होत्या आणि मागून भिमाजी ओरडत होते, "आलं, आलं, आणखी येतंय, पाचच मिनिटं धरा." विमलाबाईंनी पारड्यात पाय नीट सोडून बसायला जागा केली.

"सावकाश आना," त्या म्हणाल्या. "आमाला काय घाई नाय."